चिनू बंगळूरला जायच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. न.

दादाचं बंगळूर नक्की झालं आणि चिनू रुळेपर्यंत तुम्ही दोघं चार महिने तिथे राहणार, हे फार बरं झालं. दादा-वहिनी सकाळी आठला घर सोडणार, म्हणजे शाळेतून आलेला चिनू आधी तुमच्याच हाती लागणार. फोनवर सांगायला गेले की आई 'बरं बरं' म्हणते आणि बाबांना चष्मा सापडत नाही, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे.

आधी कागद. तिथल्या राज्य मंडळाच्या शाळा मेअखेर नाहीतर जूनच्या पहिल्या दिवसांत उघडतात, आपल्याकडे जूनचा मध्य उजाडतो. एकदा मेची सुट्टी लागली की आपल्या शाळेत मुख्याध्यापक भेटणं नशिबावर. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलमध्येच मागा. परराज्यासाठी त्यावर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती चिपळूणला होते की रत्नागिरीला जावं लागतं, ते शाळेतच विचारा. बाबा, त्याचा 'पेन' नंबरही लिहून घ्या. हा ११ आकडी असतो आणि यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, मुलाची नोंद त्याच नंबरानं चालते. जुन्या शाळेनं त्याचं नाव तिथे ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकलं नाही, तर नव्या शाळेला ते आपल्याकडे ओढून घेता येत नाही आणि पोरगं वर्गात बसूनही कागदावर चिपळूणलाच राहतं. आधार आणि दाखला यांवरचं नाव अक्षरन् अक्षर एक हवं. एकावर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यानंही पुढे अडतं.

आता कन्नड. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं कन्नड सगळ्या शाळांत शिकावीच लागते, त्यामुळे 'हिंदी-इंग्रजीवर भागेल' हे वहिनीचं म्हणणं डोक्यातून काढा. घाबरण्यासारखं काही नाही. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, बाराखडीला ते 'कागुणित' म्हणतात, आणि ळ नि ण आपल्या पोरांच्या तोंडात मुळातच बसलेले असतात. दिल्लीकडून आलेली मुलं त्या ळ-पाशी महिनोन् महिने अडखळतात.

अडतं ते दुसरीकडेच. पहिलं म्हणजे शेवटचा अ. आपण तो गिळतो, ते गिळत नाहीत. 'मर' म्हणजे झाड, आणि ते 'मरऽ' असं म्हणायचं. चिनू ते मराठी सवयीनं तोडून वाचेल आणि वर्ग हसेल. दुसरं, ए आणि ओ यांची ऱ्हस्व-दीर्घ अशी वेगळी अक्षरं आहेत. 'कोडु' ऱ्हस्व म्हटलं तर दे, लांबवलं तर शिंग. तिसरं जोडाक्षर, आणि खरी गोची इथे आहे. आपण 'म्म' लिहिताना पहिला म अर्धा करतो आणि दुसरा पूर्ण. कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण राहतं आणि दुसरं बारीक होऊन त्याच्या पायाशी जातं. त्याला 'ओत्तक्षर' म्हणतात. त, न, म, य, र, ल यांचे पायाशी येणारे आकार तर मूळ अक्षरासारखे दिसतही नाहीत. त्या सहांची वेगळी चिठ्ठी करून फ्रिजवर लावा. द, ध, थ एकाच साच्यातले आहेत, फरक पोटातल्या ठिपक्याचा नि खालच्या बारक्या रेघेचा. शुद्धलेखनात लाल खुणा जास्त इथेच होतील, त्यावर रागवू नका.

अक्षरं अ-आ-इ-ई अशी ओळीनं घोकू नका. र, ग, स, द, अ अशी सोप्या वळणाची आधी घ्या, म्हणजे दोन-तीन दिवसांत छोटे शब्द वाचता येतात. रोज वीस मिनिटं, पाचच अक्षरं, चौकटीच्या वहीत. आणि मुख्य गोष्ट ही, की शिकवायचं त्यानं आणि शिकायचं तुम्ही. शाळेत दिवसभर तो सगळ्यात मागे असणार. घरी येऊन आजोबांचा ओत्तक्षर चुकलेला पकडला की त्याचं वजन परत येतं. बाबा, मुद्दाम चुकायची गरज पडणार नाही.

आकडे त्याला आवडतील. आपल्या एकोणतीस-अठ्ठावन्नची कटकट तिथे नाही. इप्पत्तोंबत्तु म्हणजे सरळ वीस-नऊ, ऐवत्तेंटु म्हणजे पन्नास-आठ.

बोलायला मात्र अक्षरांची वाट बघायची नाही. पहिल्या दिवशी जायच्या आधी एवढं तोंडी हवं: 'टॉयलेटगे होगबेकु' (जायचंय), 'अर्थ आगलिल्ला' (कळलं नाही), 'होट्टे नोवु' (पोट दुखतंय), 'साकु' (पुरे), 'बेडा' (नको), आणि मैदानासाठी 'नानू बर्ला?' म्हणजे मीही येऊ का. हे शेवटचं सगळ्यात कामाचं. आपल्या 'ये रे' आणि 'ये गं' सारखं तिथे 'बारो' नि 'बारे' आहे. पोरं दिवसभर बारो-होगो करतात, चिनू तेच उचलणार आणि बाईंनाही म्हणणार. मोठ्यांना 'बन्नि, होगि, कोडि' असं शेवटी इ लावून बोलायचं, आपल्या 'या, जा, द्या' सारखं. हे पहिल्याच आठवड्यात सांगा. बिल्डिंगमधली मुलं आईला अज्जी म्हणतील आणि बाबांना ताता. 'तायि' म्हणजे मात्र आई, ताई नव्हे.

तो शाळेत गप्प राहील. काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही. नवी भाषा कानात साठते आहे तोवर मुलं बोलत नाहीत, आणि हे नेहमीचं आहे. पाहुण्यांसमोर 'कन्नड बोलून दाखव' हे अजिबात नको. घरात मराठीच ठेवा, गोष्टी सांगा, भांडा. घरात मोडकं इंग्रजी सुरू केलं तर त्याची हक्काची एक जागाही जाते. काळजी करायची ती वेगळ्या खुणांवरून: घरातही बोलणं कमी झालं, सुटलेलं अंथरूण ओलं होणं पुन्हा सुरू झालं, पोटदुखी फक्त शाळेच्या सकाळीच येते, किंवा दोन आठवडे डबा भरलेला परत आला. मग बाईंना भेटा.

पाण्याची बाटली रोज बघा. टॉयलेटला जायचं कसं विचारावं हे न सुचल्यानं मुलं पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ, नाहीतर शौचाला कडक. बाटली भरलेली आली तर ओरडू नका, ते पहिलं वाक्य पुन्हा घोटून घ्या.

डब्याला सुट्ट्या बहुधा दोन असतात, पहिली अगदी छोटी. तिला थालीपिठाचे चार तुकडे किंवा धिरडं द्या, भाकरी-भाजी मोठ्या सुट्टीत. सुकट-बोंबील रविवारी घरी. बऱ्याच शाळा डब्यात चालवत नाहीत. जेवणाला तो बिचकणार नाही. तूप तिथे तुप्प आहे, कोशिंबीर कोसंबरी, सार सारु.

चिनू सेमी-इंग्रजीचा, गणित त्याला जाईल. परिसर अभ्यास मात्र मराठीतून झालाय. पठार, उपनदी, ग्रामपंचायत हे सगळं कळतं, इंग्रजी नावं येत नाहीत, म्हणून पेपर कोरा येतो आणि शेरा पडतो 'कच्चा'. त्याची जुनी पुस्तकं बरोबर न्या. नवा धडा आधी मराठीत समजावा, मग शब्दांची जोडी लावा. आपल्या चौथीतला शिवरायांचा इतिहास तिथल्या पुस्तकात मिळायचा नाही. तो बाबांचा विषय. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती आणि त्यांची समाधी कर्नाटकातच होदिगेरेला आहे, एवढ्यावर तुमची एक संध्याकाळ निघेल.

रेनकोट गणपतीनंतर माळ्यावर टाकू नका असं वहिनीला सांगा. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जोर असतो. मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, दिवाळीला दोन-तीन दिवस. तेव्हा चिपळूणची तिकिटं दसऱ्याची काढा.

आणि आई, सकाळी दारात कोणी 'हालु, हालु' म्हणालं तर कुणाचे हाल विचारायला जाऊ नकोस. दूध आलेलं असेल. पातेलं घेऊन जा.

तुमची,
मनू
(चिनूची अत्ते. हा शब्द त्याला आपोआप येईल.)