मेंदू किती मिनिटांत गोठवला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘मेंदूतला गांजा’ हा मजकूर वाचला. उंदरांच्या मेंदूत आनंदामाइड, म्हणजे मेंदू स्वतःच बनवतो ते गांजासारखे काम करणारे द्रव्य, ‘तिप्पट झाले’ असे त्यात ठळक छापले आहे. पण मेंदू बाहेर काढल्यावर तो किती वेळात गोठवला, याबद्दल एक अक्षर नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी चौदा वर्षे हीच द्रव्ये मोजली, म्हणून राहवले नाही.

आनंदामाइड हे नाव आपल्या ‘आनंद’ शब्दावरूनच ठेवलेले. १९९२ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलम यांच्या गटातल्या विल्यम डेव्हेन आणि लुमिर हनुश यांनी ते डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. ग्रॅमभर मेंदूत ते जेमतेम काही पिकोमोल, म्हणजे अगदी नगण्य, असते. त्याचे भावंड टू-एजी (ग्लिसरॉलच्या मधल्या जागेवर मेदाम्लाची साखळी जोडलेले द्रव्य) शेकडो पटींनी जास्त.

आता अडचण अशी, की प्राणी मेला तरी मेंदूतली विकरे (एन्झाइम) थांबत नाहीत. मेंदू नुसता टेबलावर पडून राहिला तरी आनंदामाइड वाढतच जाते, काही तासांत कित्येक पट होते. म्हणून आम्ही मेंदू काढला की थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये, मग उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये टाकत असू. वजनसुद्धा गोठलेल्या तुकड्याचेच करायचे, काटा आधीच शून्यावर आणून ठेवलेला.

पुढे अर्क काढताना ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातलेले, ८ एककांनी जड असे आनंदामाइड ठरावीक मापाने मिसळतात. वाटेत जे सांडते, चिकटते, त्याचा हिशेब त्यावरून लागतो. पण ते मिसळण्याआधी टेबलावर जे वाढले, ते त्यालाही पकडता येत नाही.

टू-एजीचे दुखणे वेगळे. एकदा माझ्याच हातून मिथेनॉलमधल्या अर्काच्या व्हायल (छोट्या बाटल्या) रात्रभर बाहेर राहिल्या. सकाळी यंत्रावर रन लावला तर टू-एजीचे पीक (आलेखावरचे शिखर) बसलेले आणि त्याला खेटून दुसरे पीक उभे. ते वन-एजी होते. ग्लिसरॉलच्या मधल्या जागेवरची साखळी सरकून कडेला गेली होती. दोघांचे वस्तुमान तंतोतंत सारखे, त्यामुळे मास स्पेकला, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला, फरक कळत नाही. त्याआधीच्या सी-१८ कॉलमवर, म्हणजे द्रव्ये वेगळी करणाऱ्या नळीत, दोघे थोडे मागेपुढे बाहेर पडतात, तेवढाच आधार. तो कॉलम नीट चालला नसता तर मी दोन्ही पीक एकच समजून आकडा लिहून टाकला असता. सहा उंदरांचे सॅम्पल वाया गेले. त्या सहा जिवांचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून ‘तिप्पट’ वाचले की मला आधी घड्याळ आठवते. तुलना केलेल्या दोन्ही गटांतल्या उंदरांचे मेंदू सारख्याच वेळात गोठवले होते का? मूळ शोधनिबंधात ही माहिती बहुधा एका ओळीत असते. ती शोधून येत्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे