भिंगरीची वही

सांगली, १२ ऑक्टोबर २०२५

चि. रेणू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी विचारलं, तुझ्याकडे आल्यापासून भिंगरी दिवसाला पाणी किती पिते. तू म्हणालीस, "पिते की नेहमीसारखं." मी पुन्हा विचारलं, नेहमीसारखं म्हणजे किती. तेव्हा तू वैतागलीस. "बाबा, कुत्री आहे ती, पंप नाही." मला राग आला नाही. पण मनातलं सगळं फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसलोय. शिवाय तिच्या पिशवीतली निळी वही तू अजून उघडली नाहीस, हेही तुझ्या बोलण्यावरून कळलं.

माझी एकतीस वर्षं पाण्याच्या पंपांवर गेली. दर तासाला रजिस्टरमध्ये आकडे लिहायचे, व्होल्टेज, अँपिअर, प्रेशर, बेअरिंगचं तापमान. बेअरिंग ५८ अंश आहे, या एकट्या आकड्यातून काही कळत नाही. काल ५२ होतं, सकाळी ५५ होतं, आता ५८ आहे, असं वरून खाली वाचत आलं की कळतं, आत काहीतरी बिघडायला लागलंय. आवाज येईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. पण भिंगरीची वही मी त्या सवयीने सुरू केली, असं तुला वाटत असेल तर ते खरं नाही. रिटायर झाल्यावर मी कितीतरी दिवस हातात पेन धरलं नव्हतं. ती वही माझ्या चुकीतून सुरू झाली.

२०२२ चे गणपती आठव. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तूही आली होतीस. त्या आठवड्यात भिंगरी अर्धी भाकरी ताटलीत ठेवून उठायची, हे तुझ्या आईने पाहिलं होतं. तिला वाटलं, पाहुण्यांनी काहीबाही घातलं असेल. हरिपूर रस्त्याला चिंचांच्या झाडांपाशी आलो की ती थांबायची आणि घराकडे तोंड करायची, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, उकाडा आहे. तिच्या कानात दोन गोचीड तुला सापडले होते. तू ते काढून टाकलेस, पण कुणाला सांगितलं नाहीस. तिघांकडेही खबर होती, पण ती एकत्र कधी आलीच नाही. मग एका सकाळी तिच्या नाकातून रक्त आलं.

डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी असायच्या त्या पांढुरक्या झाल्या होत्या. ताप १०४. कुत्र्याला १०१ ते १०२.५ पर्यंत ताप म्हणत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. प्लेटलेट्स दोन लाखांच्या आसपास तरी हव्या होत्या, तिच्या बावीस हजार निघाल्या. गोचीड ताप. डॉक्टरांनी विचारलं, "जेवण कधीपासून कमी आहे?" मी म्हणालो दोन दिवस, आई म्हणाली चार, तू म्हणालीस आठवडा होत आला असेल. डॉक्टर काही बोलले नाहीत. तेव्हाची शांतता मला अजून आठवते. पुरानंतर चिखलाने भरलेल्या जिन्यात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, तू तिला ओच्यात घेतलंस तेव्हा ती माझ्या तळहातावर मावत होती. पुरातून वाचलेला जीव घरात तीन माणसं असताना दहा दिवस आजारी होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

औषध अठ्ठावीस दिवसांचं होतं, डॉक्सिसायक्लिन, सकाळ-संध्याकाळ. रिकाम्या पोटी दिलं की ती ओकायची, म्हणून खाण्यातूनच द्यायचं. तिसऱ्याच दिवशी मी गोळी दिली आणि तासाभराने आईनेही दिली. त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. गोळी ज्याने दिली त्याने सही करायची. तिथून सुरुवात झाली.

गोळ्या संपल्या, पण वही चालू राहिली. तारीख, फेरीला निघालो किती वाजता, आलो किती वाजता, शू, शी, जेवण, पाणी आणि शेवटी शेरा. तू म्हणशील, रोज तेच तेच काय लिहायचं. रोज तेच लिहिलंय म्हणूनच ज्या दिवशी वेगळं झालं तो दिवस डोळ्यांत भरतो.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या ऑपरेशनबद्दल तुला एवढंच माहीत आहे की गर्भाशयात पू झाला होता आणि वेळेत कळलं. वेळेत कसं कळलं ते मी सांगितलं नव्हतं. ती खेळत होती, जेवत होती, शेपूटही हलत होती. बघून काही कळलं नसतं. पण पाण्याचा रकाना बघ, वहीत आहे. तिचं वजन अठरा किलो. साधारण किलोला पन्नास-साठ मिली पाणी, म्हणजे दिवसाला एक लिटरच्या आतबाहेर. थंडीत ८००, ८५० चालू होतं. मग ११००, १३००, १५००. बाहेर हुडहुडी भरतेय आणि पाणी उन्हाळ्यासारखं. दोन लिटर झालं त्या रात्री मी मागची पानं उलटली. दीड महिन्यापूर्वी शेऱ्यात आईच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं, "माजावर आली." सकाळी वही घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दोन पानं वाचली आणि लगेच सोनोग्राफीला घेतलं. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत हा आजार होतो आणि वाढतं पाणी ही त्याची सुरुवातीची एक खूण असते, असं ते म्हणाले. आत पू फुटला असता तर ती राहिली नसती. तिची नसबंदी आपण आधीच करायला हवी होती. ते दुखणं माझ्या हलगर्जीचंच होतं. पण निदान त्या वेळी विचारल्यावर तिघांनी तीन उत्तरं दिली नाहीत.

आता आईचा गुडघा. ऑपरेशन करून मिरजेहून घरी येऊन बारा दिवस झाले, वॉकर घेऊन हॉलच्या टोकापर्यंत जाते. भिंगरी तिच्या अंगावर उडी घेईल म्हणून तीन महिने तिला तुझ्याकडे पाठवलं, त्याला माझा जीव तयार नव्हता. तू तिला माझ्यापेक्षा कमी जपशील, असं मला एकदाही वाटलं नाही. काळजी दुसरीच आहे. सकाळी तिला तू नेतेस, रात्री समीरराव नेतात, दुपारी तुमच्या सोसायटीतला तो मुलगा नेतो. म्हणजे पुन्हा तिघं. आणि सांगलीत घरात आम्ही दिवसभर समोरासमोर असायचो, तुम्ही दोघं तर एकमेकांना रात्रीच भेटता.

म्हणून वही शू-रॅकवर ठेव, पट्ट्याच्या हुकाशेजारी, पेन दोऱ्याने बांधून. आत कपाटात ठेवलीस तर कुणी लिहिणार नाही. त्या मुलालाही लिहायला सांग. त्याला फक्त वेळ आणि शी-शू एवढंच लिहू दे, पण शी पातळ होती का, हे त्याने लिहिलंच पाहिजे. पाण्याचं असं कर, सकाळी स्टीलच्या वाडग्यात मापून एक लिटर घाल, मध्ये भर घातलीस तर तीही मापून, रात्री उरलेलं मोज आणि वजा कर. फोनमध्ये लिहिलंस तरी माझी हरकत नाही, पण मग ते तिघांनाही दिसलं पाहिजे. वजन महिन्यातून एकदा. तिला उचलून काट्यावर उभी राहा, मग एकटी उभी राहा, फरक लिही.

गोचिडांचं मात्र रोज. संध्याकाळची फेरी झाली की कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरव. सापडला तर चिमट्याने कातडीला लागून धर आणि सरळ ओढ. बोटांनी चिरडू नकोस, साबणाच्या पाण्यात टाक. आणि या वेळी लिहून ठेव.

दिवाळी आठवड्यावर आलीय. पुण्यातली तिची ही पहिलीच. मागच्या तीन लक्ष्मीपूजनांची पानं मी दुमडून ठेवलीत, ती आधी वाच. तिन्ही वर्षी ती रात्री जेवलेली नाही, पलंगाखाली बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवली. म्हणजे त्या रात्री ताटली तशीच राहिली तर घाबरू नकोस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही राहिली तर मात्र डॉक्टरांना फोन कर. फेरी अंधार पडायच्या आत उरक, पट्टा हातातून सोडू नकोस, गळ्यात तुझा फोन नंबर लिहिलेला बिल्ला असू दे. तिथे तिला घरचा रस्ता माहीत नाही. फराळाच्या डब्यांवर लक्ष ठेव. मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधतात, थोडेसुद्धा. शिऱ्यातला एक बेदाणा कुणी प्रेमाने दिला तरी नको म्हण. चॉकलेटही नको. कांद्याचं तुला माहीतच आहे.

रेबीजची लस २८ सप्टेंबरला झालीय. तो जागतिक रेबीज दिन, म्हणून दर वर्षी त्याच तारखेला देतो, विसरायला होत नाही. कार्ड वहीच्या मागच्या खिशात आहे. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, पुढचं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

दर रविवारी त्या आठवड्याच्या पानाचा फोटो मला पाठव. तपासायला मागत नाही. सकाळी साडेपाचला अजून जाग येते आणि हात पट्ट्याच्या हुकाकडे जातो. हरिपूर रस्त्याला मी एकटा जातो, चिंचांपर्यंत, आणि परत येतो. ती किती वाजता निघाली, कुठवर गेली, हे वाचलं की बरं वाटेल.

आईने शेऱ्याच्या रकान्यात रोज लिहायला सांगितलंय, भिंगरी रात्री कुणाच्या पायाशी झोपली.

समीररावांना आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. क. मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध १ नोव्हेंबरला आहे. त्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नाही. मी वहीत पेन्सिलने लिहून ठेवलंय, टाकलंस की त्यावर पेन फिरव.