चेन्नईची लढत नवव्या डावात ठरली नव्हती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत बुद्धिबळपटू मॅग्नस कार्लसनवरचा लेख वाचला. 'आनंदच्या एका चुकीने नॉर्वेला जगज्जेता मिळाला' असं छापण्याआधी 2013 च्या चेन्नईतल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचे ते दहा डाव कुणीतरी पटावर मांडून पाहायला हवे होते.

नवव्या डावाला बसतानाच आनंद 5-3 असा मागे होता आणि डाव उरले होते चार. बरोबरी करून भागणार नव्हतं, म्हणून त्याने निम्झो-इंडियन या सुरुवातीत चौथ्याच चालीला प्यादं एफ 3 घरात ढकलून राजावर थेट हल्ल्याची वाट धरली. 28 व्या चालीला शह अडवायला उंटाऐवजी घोडा एफ 1 वर आणला. काळ्याचा, म्हणजे कार्लसनचा, प्याद्यातून झालेला नवा वजीर ई 1 वर गेला, आनंदच्या हत्तीला हवं असलेलं एच 4 घर त्याच्या माऱ्यात आलं आणि हल्ला तिथेच संपला. चूक मोठीच, पण लढत तोवर जवळपास हातची गेली होती.

ती गेली पाचव्या आणि सहाव्या डावात. लेखात त्यांचा उल्लेखही नाही! पाचव्यात कार्लसनने प्यादं ई 4 वर नेल्यावर मार्शल गँबिट, म्हणजे प्यादं देऊन हल्ला मिळवण्याची ठरलेली सुरुवात, समोर होता: उंट डी 2 वर ठेवायचा, मधलं प्यादं सोडायचं आणि घोटून आणलेल्या चाली खेळायच्या. त्याने घोडा मुकाट सी 3 वर मागे घेतला. तिथून हत्ती-प्याद्यांच्या शेवटापर्यंत डाव ओढला आणि 58 चालींत जिंकला. दुसऱ्या दिवशी पांढरी मोहरी आनंदकडे, कार्लसनकडून बर्लिन बचाव ही काळ्याची ठरलेली सुरुवात, पुन्हा हत्तींचा शेवट, 67 चाली, पुन्हा कार्लसनचाच विजय. दोन्ही शेवट बरोबरीत सुटू शकत होते. दमलेल्या प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक चालीला नवा प्रश्न घालत राहणं, हीच तर कार्लसनची ताकद. तिला दुसऱ्याची चूक म्हणून मोकळं होणं दोघांवरही अन्याय आहे.

कार्लसनला 'कुणी शिकवलं नाही' हे लेखातलं विधानही खोटं. सिमेन आग्देस्टाइन हा नॉर्वेचा पहिला ग्रँडमास्टर, देशाच्या फुटबॉल संघातूनही खेळलेला. लहानग्या मॅग्नसला त्याने शिकवलं. त्याला एक ओळ मिळू नये?

जाता जाता, लेखाशेजारचं कोडं. पट आडवा छापल्याने पांढऱ्याच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर काळं आलं आहे, आणि चाल कोणाची तेही लिहिलेलं नाही. असं कोडं सुटत नाही. पुढच्या रविवारी ते दुरुस्त करून पुन्हा छापावं.

आपला,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक, सांगली