बाबा, लिहा, आई, तूही

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

फोनवर तुमच्या आठवणी लिहून काढायचा विषय काढला की बाबा हवापाण्याचं विचारायला लागतात आणि आई "दार वाजतंय" म्हणून फोन ठेवते. म्हणून पत्र. पत्रातून उठून जाता येत नाही.

बाबा, तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. आत्मचरित्र पुढाऱ्यांनी लिहावं, नटांनी लिहावं, फार तर एखाद्या मोठ्या साहेबांनी. आपण गाव सोडलं, नोकरी केली, संसार केला, रिटायर झालो. त्यात सांगण्याजोगं काय? पण मराठीत गेल्या पन्नासेक वर्षांत ज्या आत्मकथनांनी लोकांना हलवलं, त्यांतली किती पुढाऱ्यांची आहेत? नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' घ्या. 1993 साली आलेलं. त्यातले वडील, दामोदर जाधव, नाशिकजवळच्या ओझरचे. गाव सोडून मुंबईला आले, रेल्वेत राबले, पोर्ट ट्रस्टमध्ये राबले. शाळा जवळजवळ नाहीच. निवृत्तीनंतर त्यांना स्वस्थ बसवेना, घरातल्या वस्तू दुरुस्तीला काढायचे. शेवटी मुलाने सुचवलं, आठवणी लिहा. (आई, आत्ता तू बाबांकडे आणि वरच्या पंख्याकडे बघितलंस ना?) त्या लिखाणावर पुस्तक उभं राहिलं, आणि लिहिणारे गृहस्थ ना पुढारी होते ना नट.

तेव्हा लिहायचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न मी निकालात काढलाय. माझी खरी चिंता वेगळी आहे. तुम्ही लिहायला बसलात तर काय लिहाल, ते मला आधीच माहीत आहे. दुष्काळ पडला, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो, फलाटावर झोपलो, मिळेल ते काम केलं, आज मुलं शिकलीत. निरोप समारंभात हीच गोष्ट, नातवंडांना हीच, लग्नात भेटलेल्या व्याह्यांनाही हीच. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झालीये की हातातून निसटते. ऐकणारे "केवढी जिद्द!" म्हणतात आणि पानावर बसायला जातात.

मलाही ती पाठ आहे, तरी कितीतरी गोष्टी मला कळलेल्या नाहीत. फलाटावरून तुम्हाला घरी कुणी नेलं? नोकरीच्या अर्जावर पत्ता कुणाचा घातलात? गावाला पहिली मनीऑर्डर केलीत तेव्हा फॉर्म तुम्हीच भरलात की कुणाकडून भरून घेतलात? तुमच्या गोष्टीत तुम्ही सदा एकटेच असता. गाव सोडून शहरात तगून राहणं एकट्याच्या बळावर कुणाला जमलं असेल, यावर माझा विश्वास नाही.

गिरणगावातल्या माणसांशी बोलून मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी 2004 साली एक पुस्तक केलं, मराठीत ते 'कथा मुंबईच्या गिरणगावची' म्हणून आलं. त्यात गिरणी कामगार आहेत, बायका आहेत, शाहीर, कार्यकर्ते, सगळे आपापल्या तोंडून बोलतात. कोकणातून किंवा घाटावरून आलेला गडी उतरला की गावच्या माणसाचा हात धरायचा. गावकीच्या खोलीत ट्रंक ठेवायला कोपरा आणि वळकटी टाकायला हातभर जागा. माणसं इतकी, की झोपणंसुद्धा पाळ्यांवर: एक पाळी कामावर गेली की दुसरी आडवी होणार. गिरणीत चिकटवणारा ओळखीचाच. जेवण एखाद्या बाईच्या खाणावळीत, पैसे पगार झाल्यावर. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, तेव्हाही माणसं तगली ती गावाच्या, शेजाऱ्यांच्या आणि उधारीच्या आधारावर. त्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र बांधून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, म्हणून निदान त्यांची नोंद तरी झाली.

तुमच्याही गोष्टीत अशी एक 'मावशी' आहे. तिच्याकडे तुम्ही दोन वेळा जेवायचात आणि पगार लांबला तरी ती ताट वाढायची, एवढंच तुम्ही सांगता. मावशी म्हणजे कोण? कुठून आली होती ती, तिची माणसं कुठे होती? तुमच्या साहेबांचं नाव, हुद्दा आणि बदलीचं साल तुम्हाला अजून तोंडपाठ आहे. मावशीचं नाव मात्र मी आजवर ऐकलेलं नाही.

दुष्काळाचंही तसंच. 1972 चा दुष्काळ सरकारी कागदांत भरपूर सापडतो. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा आकडा राज्यात 50 लाखांच्या घरात गेला होता. म्हणजे त्या 50 लाखांत एक तुम्ही, खडी फोडणारे, आणि बहुधा आजीही. अहवालात आकडा मिळतो, पाझर तलाव आणि रस्ते मिळतात. तुम्ही निघालात त्या सकाळी आजी काय म्हणाली, की काहीच म्हणाली नाही, ते फक्त तुमच्याकडे आहे. आजी तर गेली.

आणि लाज वाटलेल्या गोष्टीही लिहा. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं तेव्हा त्यांच्याच दलित समाजातल्या शिकलेल्या वाचकांपैकी काहींना ते बोचलं होतं: आता कुठे आपण नीटनेटके झालोय, हे चव्हाट्यावर कशाला? त्या पुस्तकात दोघं बोलतात, दगडू मारुती पवार आणि दया पवार. माणूस एकच. एक गावकुसाबाहेरचा आणि मुंबईतल्या कावाखाना वस्तीतला, दुसरा शिकून ऑफिसात गेलेला. पहिल्याने सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. आपलं घर आणि त्यांचं घर यांची बरोबरी मी करत नाही. जातीने त्यांच्या वाट्याला जे दिलं ते आपल्या वाट्याला आलेलं नाही, आणि 'आम्हीही सोसलं' म्हणताना हे विसरलं जातं, हेही तुम्ही लिहावंत असं मला वाटतं. गावात कुणाला विहिरीवर येऊ देत नव्हते आणि तेव्हा आपण काय करत होतो, हा प्रश्न आपल्या घरात कधी निघालाच नाही. गावाच्या आठवणी म्हटलं की तुम्ही विहिरीत मारलेल्या उड्यांबद्दल बोलता.

'गाव' म्हणजे काय तेही सगळ्यांचं सारखं नसतं. मला कुणी मूळ गाव विचारलं की मी तुमच्या गावाचं नाव सांगते, जिथे मी फक्त सुट्टीत राहिलेय, आणि समोरच्याचं समाधान होतं. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' (1980) वाचलं तेव्हा कळलं, की ज्यांचं बिऱ्हाडच गाढवाच्या पाठीवर, टोपल्या विणत या गावाहून त्या गावाला, त्यांना हा साधा प्रश्न किती टोचत असेल. सोडायला गाव असणं हीदेखील एक मिळकत आहे. तुम्ही ती सोडलीत, पण तुमच्याकडे ती होती.

आता आई, तू. पत्र बाबांचं म्हणून चष्मा काढून ठेवू नकोस.

तुला विचारलं की तू म्हणतेस, "मी कुठे गाव सोडलं, मी तर लग्न होऊन आले." 2011 च्या जनगणनेत देशात 45 कोटींच्या वर माणसं स्थलांतरित म्हणून मोजली गेली, आणि बायकांच्या रकान्यात सगळ्यात मोठं कारण लग्न हेच आहे. म्हणजे मोजणाऱ्यांनी तुला धरलं, तूच स्वतःला धरत नाहीस. बाबांनी एकदा गाव सोडलं तर त्यांची गोष्ट झाली. तुझं गाव सुटलं, आडनाव गेलं, आणि हाक मारायचं नावसुद्धा त्याच दिवशी बदललं. मामा तुला वेगळ्याच नावाने हाक मारतो आणि तू ओ देतेस, हे लहानपणी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं तो दुसऱ्याच कुणाला बोलावतोय. त्या नावाची मुलगी मला माहीतच नाही. तिला काय व्हायचं होतं? पहिल्यांदा शहरातल्या नळावर रांगेत उभी राहिली तेव्हा तिच्याशी कोण बोललं? कोण बोललं नाही?

लक्ष्मीबाई टिळकांचं घे. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि बाईंचं सगळं जग एका दिवसात फाटलं. नवरा एकीकडे, माहेर-सासर दुसरीकडे. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग हळूहळू टिळकांच्या वाटेने गेल्या. धर्म, माणसं, स्वयंपाकघराचे नियम, सगळं बदललं. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने आलं. सुरुवात टिळकांच्या आठवणी सांगायच्या म्हणून होती, पण पुस्तकभर लक्षात राहते ती बाई. आणि विनोदी किती! स्वतःच्या फजितीवर इतकं खळखळून हसणारं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही. तू बाबांचे किस्से सांगतेस ना शेजारच्या काकूंना, अगदी त्या सुरात. तू लिहिलंस तर बाबांचं काही खरं नाही.

फलटणच्या बेबी कांबळे आपल्या किराणा दुकानात बसून लिहायच्या आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कागद लपवायच्या. कितीतरी वर्षं. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून 1986 मध्ये आलं. नावच बघ, 'आमुचं'. त्यात 'मी' शोधावी लागते, वस्ती आधी दिसते. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (2003) सुरुवातीलाच डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला डोक्यावर ओझी घेऊन जाणाऱ्या बायका आहेत. हसतात, चिडवतात, रडतात, चालत राहतात. कुणी त्यांचा सत्कार केलेला नाही. मला तुमच्या दोघांकडून हे हवंय. चाळीतल्या बायका दुपारी काय बोलायच्या, कुणाचं बाळंतपण कुणी केलं, भिशीचा पहिला नंबर कुणाला आणि का दिला.

कसं लिहायचं त्याचं फार ओझं घेऊ नका. जन्मतारखेपासून सुरू करू नका, तिथे सगळेच अडकतात. पहिल्या खोलीचा नकाशा काढा: दार कुठे, मोरी कुठे, कोण कुठे झोपायचं, दिवसा गाद्या कुठे जायच्या. एकेका कोपऱ्यापाशी माणसं आपोआप आठवतील. साल आठवलं नाही तर दुष्काळाच्या आधी की नंतर, आणीबाणीच्या आधी की नंतर, माझ्या जन्माच्या आधी की नंतर, एवढं पुरे. हात दुखला तर मोबाईलवर बोला. भाषा सुधारू नका. बाबा, तुम्ही लिहायला लागलात की एकदम सरकारी अर्ज होतो. गावाकडची बोली जशी तोंडात आहे तशी येऊ द्या.

दुसऱ्यांबद्दल लिहिताना मात्र जपून. जी माणसं हयात आहेत, किंवा ज्यांची मुलं आपल्याला भेटतात, त्यांचं दारूचं, कर्जाचं, मोडलेल्या लग्नाचं तुमच्याकडून बाहेर पडायला नको. पण आधीच गाळू नका. लिहून काढा, मग तिघं बसून ठरवू काय घरातच ठेवायचं. हे छापायचं आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

तुमचं दोघांचं जुळणार नाही, हे गृहीत धरलंय. पहिली खोली का सोडली? बाबा सांगतात मोठी जागा मिळाली म्हणून. आई सांगते घरमालकाने सामान बाहेर काढलं म्हणून. मला कोण खरं, ते ठरवायचं नाहीये. बाबांनी ते तसं का सांगितलं असेल, याचाच विचार मी जास्त करते. जाधवांच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीत दामू आणि सोनू, नवरा-बायको, आळीपाळीने बोलतात. तसंच आपणही ठेवू.

मे महिन्यात येतेय. दोन वह्या आधीच कुरिअरने पाठवल्यात. रेघांची बाबांना, कोरी आईला, कारण ती रेघांच्या बाहेर लिहिते आणि मग बाबा तिला बोलतात. अट एकच: मी येईपर्यंत एकमेकांची वही उघडायची नाही. आले की दोन्ही टाईप करते, मग काय भांडायचं ते भांडा.

तुमची,
धाकटी