समुद्र नसलेल्या गावाचा सागरी दिन

सोलापूर,
७ जून २०२६

प्रिय वासंती,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. कोल्हापुरात पाऊस सुरू झाला म्हणतेस, इकडे अजून ऊन मी म्हणतंय. नातवाचं बारसं छान झालं हे वाचून आनंद झाला. बाकी घरचं सगळं नंतर लिहीन. आज मला फक्त तुझ्या शेवटच्या पानाबद्दल बोलायचंय.

तू लिहितेस, शाळा उघडली की परिपाठातला दिनविशेष बंदच करावा म्हणते. एक मुलगा कागदावरून सनावळ्या वाचतो, बाकीचे उन्हात चुळबुळ करतात, आणि रोजचा प्रश्न घातला तर मुलं मोबाईल बघून उत्तर आणतात. अगं, मला हे मुळीच पटलं नाही. दिनविशेष बंद करू नकोस. प्रश्न बदल.

बघ ना, आपण काय विचारतो? "अमुक पुढाऱ्याचा जन्म कधी झाला?" अगं, तारीख तर फळ्यावर लिहिलेलीच असते! ज्या दिवशी विचारतोय तोच दिवस उत्तर असेल, तर उरलं काय, नुसतं साल. सालावर कुठल्या पोराचं मन रमणार? तारीख दारासारखी वापरायची. ती उघडून आत शिरायचं आणि मग विचारायचं, हे इथंच का झालं, कुणामुळे झालं, आपल्या गावाचा त्यात कुठे धागा आहे.

आमच्याकडे कसं चालतं ते सांगते. फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताला एक फळा आहे. शाळा सुटताना मी त्यावर दुसऱ्या दिवसाचा प्रश्न लिहिते. मधे एक रात्र जाते, ती मला हवीच असते, कारण त्या रात्री प्रश्न घरी जातो. सकाळी पोरं चिठ्ठ्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकतात. चिठ्ठीवर उत्तराखाली "कसं शोधलं" हे लिहायचंच. मोबाईलवर शोधलं तरी चालतं, पण तसं लिहायचं. उत्तर अर्धवट असलं तरी शोध चांगला असेल तर परिपाठात त्याच मुलाला पुढे बोलावते.

गेल्या वर्षी ५ एप्रिलला मी लिहिलं होतं: "आज राष्ट्रीय सागरी दिन. सोलापूरला समुद्र नाही. तरी या दिवसाशी आपल्या गावाचं नातं आहे. कोणतं?"

डबा भरला. बऱ्याच चिठ्ठ्यांवर मोबाईलवरचं उत्तर होतं, की ५ एप्रिल १९१९ रोजी 'एस. एस. लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून हा दिवस पाळतात. बरोबर आहे, पण यात सोलापूर कुठंय? तिथं मोबाईल थांबला आणि पोरांना स्वतः पुढे जावं लागलं. जहाज कुणाचं? सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं. कंपनी कुणी काढली? आठवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, "कंपनी काढणाऱ्यांत वालचंद हिराचंद होते. वालचंद कॉलेज माझ्या रस्त्यावरच आहे, म्हणून नाव वाचल्यावर थांबले. त्यांचा जन्म सोलापूरचा." खाली "कसं शोधलं" मध्ये एवढंच: "आधी मोबाईल, मग वडिलांना विचारलं, मग वाचनालय." वासंती, ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

२३ नोव्हेंबर १८८२ ला या कोरड्या गावात जन्मलेला माणूस, आणि इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या समुद्रात स्वतःचं जहाज घालतो. त्या कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला, तरी कंपनी टिकली. पुढे १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजं बांधायचा कारखाना. हे मी परिपाठात सांगितलं तेव्हा कुणी चुळबुळ करत नव्हतं. नुसतं "सागरी दिन कधी असतो" असं विचारलं असतं तर यातलं काहीच निघालं नसतं.

आता १२ जानेवारी. या तारखेवर माझा फार जीव आहे.

दिनविशेषाच्या कुठल्याही पुस्तकात त्या दिवशी दोन नावं ठळक असतात. राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद. दोन्ही हवीतच. पण सोलापूरच्या फळ्यावर तेवढ्यावर भागत नाही. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात आपल्या गावच्या चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर गाव पेटलं होतं, गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला, पोलीस गावाबाहेर गेले आणि काही दिवस गावाचा कारभार लोकांनीच पाहिला. मग सरकारनं मार्शल लॉ पुकारला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून हे चौघे फासावर गेले. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. गाव सगळं त्यात आलं.

चार पुतळ्यांपाशी रोज रिक्षा वळते, पण चारही नावं सांगता येणारी मुलं किती? म्हणून प्रश्न असा घातला: "चार पुतळ्यांतल्या कुणाही एकाचं नाव घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. त्यांना आणखी काय आठवतं ते लिहा." एका मुलाची आजी फक्त कन्नड बोलते. तिनं सांगितलेलं त्यानं कन्नडातच, पण देवनागरीत लिहून आणलं. तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं की मार्शल लॉच्या दिवसांत ते टोपी कमरेला खोचून गिरणीकडे जायचे. हे कुठल्या पुस्तकात मिळायचं गं?

त्याच तारखेवर दुसरा प्रश्न वरच्या वर्गांसाठी होता, आणि तो घालताना मलाच आनंद होत होता: "विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीच्या दिवशी झाला. मग त्यांची जयंती १२ जानेवारीला कशी? संक्रांत तर १४ ला असते."

सोलापूरच्या पोरांना संक्रांत शिकवावी लागत नाही. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांच्या काठ्या, अक्षता, शोभेची दारू, गड्ड्यावरचे, म्हणजे त्या यात्रेच्या जत्रेतले पाळणे, सगळं तेव्हाच. त्यामुळे संक्रांतीची तारीख सरकते म्हटल्यावर ती चमकलीच. मग गणित मांडलं. आपलं पंचांग सूर्याची रास ताऱ्यांवरून ठरवतं. इंग्रजी वर्ष ऋतूंना बांधलेलं. ताऱ्यांवरचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं. १८६३ ते २०२६ म्हणजे १६३ वर्षं. एकशे त्रेसष्ट गुणिले वीस, ३,२६० मिनिटं, म्हणजे चोपन्न तास आणि वर थोडं. दोन दिवसांहून जास्त! नववीच्या पोरांनी हा हिशोब फळ्यावर स्वतः केला. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे बाई, गड्डा हळूहळू फेब्रुवारीत जाणार?" जाणार की, पण त्याला हजारांहून जास्त वर्षं लागतील.

तिथून तिथीचा विषय निघालाच. गड्डा दरवर्षी त्याच सुमाराला, मग आषाढी का हलते? पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, पण इंग्रजी तारखेच्या दिनविशेषात आषाढीला जागाच नाही. गेल्या वर्षी एकादशी ६ जुलैला होती, यंदा २५ जुलैला आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतात, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी. सध्या अधिक ज्येष्ठ चालूच आहे. मार्कंडेयाचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो, तोही असाच सरकतो. म्हणून मी यंदापासून फळ्यावर तारखेशेजारी तिथीही लिहिणार आहे. तिथीचं आपल्याला काय अवघड आहे! दाते पंचांग आपल्याच गावातून निघतं.

काल ६ जून होता. शिवराज्याभिषेक, १६७४. त्यावरही शाळा उघडल्यावर प्रश्न घालणार आहे, कारण ६ जून ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या, जूलियन कॅलेंडरातली. आजच्या कॅलेंडरानं तो दिवस १६ जून येतो. इंग्लंडनं नवं कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं, तेव्हा २ सप्टेंबरनंतर त्यांच्याकडे थेट १४ सप्टेंबर उजाडला. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र जिथल्या तिथे. ती यंदा जूनच्या अखेरीस येईल, तेव्हाच हा प्रश्न घालेन.

२९ फेब्रुवारी चार वर्षांनी एकदा येतो, पण तेव्हासाठी एक देऊन ठेवते. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १० एप्रिल १९९५ ला गेले. आयुष्यात खरा वाढदिवस किती वेळा आला? मुलं चोवीस म्हणतात. उत्तर तेवीस, कारण १९०० लीप वर्ष नव्हतं. पाच मिनिटांत वर्ग जागा होतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळ. सगळे दिवस प्रश्नमंजुषेचे नसतात. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या दिवशी रिश्टर किती, गावं किती, असं विचारून गुण द्यायला मला जमत नाही. मी लिहिते, "त्या पहाटे तुमच्या घरातले मोठे कुठे होते, विचारून या." सोलापुरात तो धक्का सगळ्यांनाच जाणवला होता. पोरं घरून ऐकून येतात, मांडणीवरची भांडी पडली, सगळी गल्ली रस्त्यावर येऊन बसली, मामा उजाडताच मदतीला निघाला. एका मुलीची आई औशाकडची, म्हणजे किल्लारीच्याच भागातली. तिनं काहीच लिहिलं नव्हतं, कोरी चिठ्ठी घडी घालून टाकली होती. ती मी इतर चिठ्ठ्यांबरोबर तशीच ठेवली आणि तिला काही विचारलं नाही.

खात्री करण्याबद्दल तू विचारलंस. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फिरणारे दिनविशेष जसेच्या तसे फळ्यावर उतरवू नकोस. एकाची चूक सगळे पुढे ढकलतात. मी एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन ठिकाणी तारीख जुळली तरच घेते. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून संदर्भग्रंथ काढते, जुन्या तारखा पंचांगाशी ताडून बघते. जुळलं नाही तर तो प्रश्न त्या वर्षी घालत नाही. मुलांसमोर फळ्यावर खडूनं लिहिलेलं त्यांना खरं वाटतं, ती जबाबदारी मोठी आहे.

आणि स्थानिक दिवस शोधायला लाग, बाई. मला डॉ. कोटणीस आहेत. १० ऑक्टोबर १९१० चा सोलापूरचा जन्म, १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांतले एक, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच, बत्तिसाव्या वर्षी मृत्यू. मुलाचं नाव यिनहुआ, त्यात भारतही आहे आणि चीनही. पण तुझ्याकडे काय कमी आहे? २६ जुलै १९०२ घे. शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या तो हुकूम. साल विचारू नकोस. विचार, त्या वेळी महाराज स्वतः कोल्हापुरात होते का? नव्हते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. मग हुकूम निघाला कसा, गावात त्यावर काय बोललं गेलं, कुणाच्या पणजोबांना त्यातून नोकरी लागली? कोल्हापुरात एखाद्या घरात त्याचं उत्तर अजून असेल. ते तुझ्या डब्यात पडायला हवं.

तुमची शाळा १५ ला उघडते ना? पहिला आठवडा माझ्याकडून घे, सहा प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलेत. त्यातले सोलापूरचे दोन काढून तिथे तुझ्या गावचे घाल. यंदाचं पंचांग भाचा पुढच्या शनिवारी कोल्हापूरला येतोय त्याच्या हाती पाठवते, आणि तुझ्या नातवासाठी एक छोटी चादरही आहे.

तुझा पहिला प्रश्न मला आधी पाठव. उत्तर लिहू नकोस, मला शोधायचंय.

भाऊजींना नमस्कार, बाळाला खूप खूप आशीर्वाद.

तुझीच,
कुमुद