जा म्हणाले, ये म्हणाले नाही

जेम्सटाउन, सेंट हेलिना
बुधवार, रात्री उशिरा

प्रिय चिमे,

आठ महिने झाले. अमेरिकेत, एडिसनच्या तुझ्या स्वयंपाकघरात आपलं भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी मी विमानात बसले, त्यानंतर तुला एक ओळ पाठवली नाही. 'समुद्राखालून केबल आली तरी तुझा फोन येत नाही' हा तुझा मेसेज कितीदा उघडून बसले असेन. चूक माझी आहे. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून धरते, बाकी काही नाही. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या. हातात झाकलेलं भांडं. त्यात प्लो होता. आपल्या पुलावाचाच कुठला तरी लांबचा भाऊबंद, एकाच भांड्यात भात, मटण, करी पावडर. झाकण काढलं की मांडवातल्या मसालेभाताची आठवण येते. भांडं ओट्यावर ठेवलं आणि आजी बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "पोरगी तुझं ऐकते. तिला जा म्हण. पण परत ये, हेही तूच म्हण. मी म्हटलं तर तिला ओझं होईल."

पोरगी म्हणजे त्यांची नात, माझ्या गणिताच्या वर्गातली. तुला व्हिडिओवर दाखवली होती बघ, बोर्डावर तीन पद्धतींनी उत्तर काढणारी. आईबाप फॉकलंड बेटांवर नोकरीला. आजीने वाढवलीय. इंग्लंडच्या विद्यापीठात अर्ज करतेय आणि शिफारसपत्र मी लिहायचंय, शुक्रवारपर्यंत. चार दिवस कोरा कागद समोर घेऊन बसते. लिहायला लागले की तुझा आवाज ऐकू येतो, "जा म्हणालीस. ये कधी म्हणालीस?"

चिमे, खरंच नाही म्हणाले गो. २०११ साली वेंगुर्ल्याच्या स्टँडवर तुझी बॅग मीच चढवली. बापू खांबाला टेकून उभे होते आणि मी ओरडत होते, "जा गो बाय, हय काय आसा?" बापूंनी ते ऐकलं असणार. हा विचार याआधी कधी मनात आला नव्हता, आज आजी समोर बसल्या तेव्हा आला.

इथं आले तेव्हा वाटलं होतं, अटलांटिकमधल्या या ब्रिटिश बेटावर कुठे येऊन पडले. आफ्रिकेचा किनारा सुमारे १,९०० किलोमीटर लांब, आणि अख्खं बेट १२२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या पाचव्या हिश्श्याएवढं. माणसं साडेचार हजारांच्या आत. तुझ्या एकट्या एडिसनमध्ये लाखाच्या वर. नेपोलियनला १८१५ मध्ये इथे आणून ठेवलं ते परत जाता येऊ नये म्हणून, आणि १८२१ मध्ये तो इथेच गेला. पर्यटक लाँगवूडला जाऊन त्याच्या खोल्या बघतात, हळहळतात. माझ्या वर्गातली मुलं मात्र विचारतात, मिस, आमचं घर ही त्याची शिक्षा कशी? मला उत्तर देता येत नाही.

पण महिनाभरातच कळलं की हे आपलंच गाव आहे. गावात म्हातारी आणि शाळकरी पोरं, मधली पिढी कामाला बाहेर. असेन्शन बेट, फॉकलंड, इंग्लंड. आपल्याकडे गिरगाव-परळहून मनिऑर्डर यायची तसे इथे तिकडून पैसे येतात आणि घराला स्लॅब पडतो. नाताळला माणसं परत येतात तेव्हा जेम्सटाउनच्या रस्त्यात चतुर्थीच्या आदल्या दिवशीसारखी मिठ्यामारी चालते. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्याने यांचं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व काढून घेतलं होतं, ते २००२ मध्ये परत मिळालं, आणि मिळाल्यावर पहिली गोष्ट काय झाली, तर माणसं इंग्लंडला गेली. १९९८ च्या जनगणनेत पाच हजारांवर होती, दहा वर्षांनी सव्वाचार हजार. मग २८५ दशलक्ष पौंड घालून विमानतळ बांधला. वाऱ्यापायी उद्घाटन लांबलं, २०१७ च्या ऑक्टोबरात पहिलं प्रवासी विमान जोहान्सबर्गहून आलं. त्याआधी केप टाऊनहून जहाजाने पाच दिवस. आपल्या चिपीच्या विमानतळावर विमान उतरलं तेव्हा बंड्या म्हणाला होता ना, आता चाकरमानी दर शनिवारी घरी येणार! इथेही लोक तसंच म्हणत होते. विमान खरोखरच शनिवारी येतं, पण गेलेली माणसं परत येतीलच असं नाही.

तुझ्याकडचे ते सहा आठवडे मी विसरलेले नाही. ओक ट्री रोडवर कढीपत्ता, ताजं खोबरं, कोकम, सगळं एका रांगेत बघून मला भरून आलं होतं आणि तू हसत होतीस. इथे जहाजाला उशीर झाला की कांदे-बटाटे संपतात, आणि आल्याची बातमी कळली की शिक्षकखोली रिकामी होते. तुझ्याकडे इस्पितळ पाच मिनिटांवर. इथे दुखणं मोठं असेल तर माणसाला दक्षिण आफ्रिकेला न्यावं लागतं. वाचनालयात तुझ्या बाळ्याबरोबर मी तासन् तास बसले, तसं वाचनालय या पोरीला मिळालं तर ती काय करील! हे सगळं मी मनापासून मानते. महासत्ता उगाच होत नाही कुणी.

पण त्याच बाळ्याने मला जेवताना सांगितलं की शाळेत दार लावून, दिवे घालवून, कोपऱ्यात गप्प बसायची तालीम असते, कुणी बंदूक घेऊन आला तर म्हणून. दहा वर्षांचं पोर, आणि वरण वाढ म्हणावं तितक्या सहज सांगत होतं. इथली त्याच्या वयाची पोरं अंधार पडेपर्यंत रस्त्यावर असतात, कुणाच्याही घरी जेवतात. गाडी चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात करायचा ही इथली रीत आहे. नाही केला तर दुसऱ्या दिवशी विचारतात, बरं नव्हतं का? तुझ्या शेजारच्याचं नाव सहा वर्षांत तुला कळलेलं नाही. मी ते बोलून दाखवलं तिथूनच भांडण पेटलं. "तू बेटावर सुट्टी घालवतेस, मी इथे ग्रीन कार्डाची प्रायॉरिटी डेट मोजतेय," म्हणालीस. बरोबर होतं तुझं. २०१४ ची तारीख, अजून रांगेतच. बापू गेले तेव्हा व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकशील, नोकरी जाईल, म्हणून तू आली नाहीस. चौदावा मी उभं राहून केला आणि तुला फोटो पाठवले. मनातल्या मनात तुला दोषही दिला, तेही आज सांगून टाकते. महासत्तेतून बाहेर पडून परत आत येता येईल की नाही याची धास्ती, आणि इथे समुद्राच्या मधोमध बसलेल्या मला शनिवारचं विमान तरी नक्की. मग लांब कोण, तू की मी? बापूंच्या वेळी हा प्रश्न मला पडायला हवा होता.

आता सांग, या पोरीला काय सांगू? इथे विद्यापीठ नाही. थांबली तर तिचं गणित दुकानाच्या हिशेबात संपेल. 'जा' म्हणणं भाग आहे. पण 'परत ये' म्हणायचा मला हक्क काय? कशासाठी परत ये? इथल्या पगारात तिचं भागत नाही म्हणून तर तिचे आईबाप फॉकलंडला आहेत. तरी आजी म्हणतात, यावं असं कुणीतरी म्हटलेलं पोरीच्या कानात असावं, मग ती येवो न येवो. तुला कुणी तसं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, की जास्त त्रास झाला असता? हे तूच सांगू शकतेस. शुक्रवारच्या आत सांग.

बढतीबद्दल अभिनंदन, आधीच म्हणायला हवं होतं. भावोजींच्या गुडघ्याचं काय झालं? बाळ्याला सांग, बुद्धिबळात मावशी हरली ती झोप आली होती म्हणून नव्हे, तो खरंच चांगला खेळला. ताईची पेटी पोचली का?

आणि चिमे, तू ये. कागद होतील तेव्हा ये, वेंगुर्ल्याला ये, चतुर्थीला ये, मी शनिवारचं विमान धरून पोचते. चौदा वर्षं उशिरा म्हणतेय.

आता उठते. आजींचं भांडं घासून ठेवलंय, सकाळी द्यायचंय आणि रिकामं कसं देणार? रवा आहे, साखर आहे, तूप तू दिलेलंच थोडं उरलंय. शिरा करते.

तुझी,
बाबी