इस्तंबूलच्या टाक्याचे बांधकाम

महोदय,

पर्यटन पुरवण्यांत इस्तंबूलच्या भूमिगत जलाशयातली मेड्युसाची (ग्रीक पुराणातली केसांच्या जागी साप असलेली स्त्री) उलटी-आडवी दगडी डोकी हमखास दिसतात; बांधकामाबद्दल मात्र चकार शब्द नसतो. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात बांधलेल्या या टाक्यात ३३६ खांब आहेत, प्रत्येक सुमारे ९ मीटर उंच. बरेचसे जुन्या इमारतींतून उचललेले, म्हणून त्यांचे माथेही एकसारखे नाहीत. ती डोकीसुद्धा बहुधा उंची जुळवायलाच खांबांखाली सारली असावीत! खरी करामत भिंतींची: ४ मीटर जाड वीटकाम आणि त्यावर पाणी न झिरपू देणारा गिलावा. वरच्या गजबजाटाला खाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही. पुढच्या वेळी त्या गिलाव्याचाही एखादा फोटो छापावा.

– एक वाचक, ठाणे